टनांचा आकडा आणि वरची जमीन

नाशिकच्या पंचवटीच्या जमिनीखाली कोळसा नाही. काळाराम मंदिर ज्या काळ्या दगडात उभं आहे तोच बसाल्ट इथं खोलवर पसरलेला आहे, आणि महाराष्ट्राचा कोळसा थेट विदर्भात, मुख्यतः वर्धा नदीच्या खोऱ्यात. तरी २०१० च्या दिवाळीत इथल्या घराघरांत कोळशाचीच चर्चा होती. कोल इंडियाचा शेअर २४५ रुपयांना विकला गेला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, ४ नोव्हेंबरला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३४० च्या वर बंद झाला. कोळसा म्हणजे नक्की पैसा, हे तेव्हा मनात बसलं. पण कोल इंडियाच्या खाणी चालत्या होत्या. अजून न उघडलेल्या खाणीत पैसा घालणं ही फार वेगळी गोष्ट आहे, आणि ती गेल्या पंधरा वर्षांत आपल्याला महागात पडून कळली.

अशा प्रकल्पाचा पाया म्हणजे गवेषण अहवाल. बोअर मारून काढलेले दगडाचे दंडगोल पेट्यांमध्ये मीटरमीटरने मांडून ठेवतात: वाळूखडक, शेल, मग काळी पट्टी, आणि त्या पट्टीतही मध्येच मातकट थर. प्रयोगशाळा राख किती, उष्मांक किती ते सांगते. बोअर एकमेकांपासून ४०० मीटरच्या आत असतील तर साठा ‘सिद्ध’, एक-दोन किलोमीटरवर असतील तर ‘सूचित’, त्यापलीकडे ‘अनुमानित’. तिन्हींची बेरीज करून कुणी एकच मोठा आकडा पुढे केला, तर तिथंच थांबावं. मग पाहायचं, एक टन कोळशासाठी किती घनमीटर माती-दगड उपसावा लागेल आणि रेल्वेचं सायडिंग किती लांब आहे.

हे सगळं जमलं तरी अहवाल जमिनीखालचंच सांगतो. चंद्रपूरचं लोहारा हे त्याचं ठसठशीत उदाहरण. गोंदियातल्या तिरोड्याच्या वीज प्रकल्पासाठी अदानी पॉवरला २००७ मध्ये हा कोळसा पट्टा मिळाला. कोळसा होता, पण त्याच्या शेजारी ताडोबा होतं. वाघांच्या अधिवासामुळे पर्यावरण मंत्रालयाने वाट अडवली. वीज केंद्र उभं राहिलं, खाण नाही. मग कोळसा दुसरीकडून आणावा लागला आणि त्या जादा खर्चाचा वाद वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षं चालला. ताडोबा काही त्या पट्ट्यानंतर नकाशावर आलं नव्हतं, हे मला आजही खटकतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनची दोनशेहून अधिक पट्ट्यांची वाटपं रद्द केली. ज्यांच्या खाणी चालू होत्या त्यांना काढलेल्या प्रत्येक टनामागे २९५ रुपये भरावे लागले. कागद पक्का नसेल तर थर कितीही जाड असून उपयोग नाही, हे तेव्हा कळायला हवं होतं. तरी २०२० च्या व्यावसायिक लिलावात चंद्रपूरचाच बंदर पट्टा घातला गेला. तो ताडोबा आणि बोर या व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या वाघांच्या वाटेवर. राज्याने हरकत घेतल्यावर तो यादीतून काढला.

आता महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा गारे पेल्मा सेक्टर २ पाहू. पट्टा छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात, कोळसा मात्र चंद्रपूर, कोराडी, परळीच्या संचांसाठी. वाटप २०१५ चं. चौदा गावांची जमीन, जंगल, लोकांचा विरोध. जानेवारी २०२४ मध्ये हरित न्यायाधिकरणाने पर्यावरण मंजुरी रद्द केली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती पुन्हा मिळाली. तोवर वाटपाला नऊ वर्षं झाली होती. सरकारी कंपनीला एवढं थांबणं परवडतं, कारण तिच्या मागे राज्य असतं. बचतीतून शेअर घेणाऱ्या माणसामागे कुणी नसतं. म्हणून त्याने अशा प्रकल्पाचं माहितीपत्रक हाती घेतलं, तर साठ्याचं पान नंतर उघडावं. आधी वन मंजुरी, ग्रामसभांचे ठराव, पुनर्वसनाचा खर्च आणि खाण पाच वर्षं लांबली तर व्याज किती चढेल, हे शोधावं.