संधिवाताची गोळी: रोज नाही, जुम्म्याच्या जुम्म्याला

लहान मुलांनाही संधिवात होतो, हे आपल्याकडे अजून अनेकांना पटत नाही. सकाळी पोराचा गुडघा सुजलेला, आखडलेला असतो. दुपारी ते पळायला लागतं. मग घरचे म्हणतात, "पडलं असेल कुठंतरी." सोळा वर्षांच्या आतल्या मुलाची अशी सूज सहा आठवडे टिकली, तर तपासणी हवीच. कोल्हापुरात सीपीआरमध्ये बालरोग विभागात दाखवता येते.

या आजारात बऱ्याच मुलांना मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. घरात दादीची बीपीची, अब्बांची शुगरची गोळी रोज चालते, त्या सवयीने हीही रोज दिली जाते. ही चूक जिवावर बेतते. तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. जगभरात या चुकीने माणसे दगावली आहेत.

म्हणून आम्ही सुचवतो, डॉक्टरांना विचारून एक वार पक्का करा. जुम्मा ठरवला तर विसरणे अवघड! कॅलेंडरवर खूण करा आणि गोळी देण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा. गोळी अडीच, पाच, साडेसात, दहा मिलिग्रॅमची मिळते. नवीन पाकीट आणले की आकडा वाचा. डोस मुलाच्या उंची-वजनावरून ठरतो, दुसऱ्याच्या मुलाचा बघून देऊ नका.

सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळी असते. तिचा वार डॉक्टर सांगतील. दोन्ही पिवळ्या असू शकतात, गल्लत नको.

एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. ताप, कांजिण्या किंवा उलट्या असतील तरी आधी विचारा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचे सांगा. कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक तिच्यासोबत धोक्याचे आहे.

फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. "काही उपयोग नाही" म्हणून मधेच बंद करू नका. रक्ताच्या आणि डोळ्यांच्या तपासण्या चुकवू नका. या आजारात डोळा लाल न होताही आतून सुजतो.

रमजानमध्ये मूल रोजाचा हट्ट धरेल. लहान मुलांवर रोजा फर्ज नाही, आजाऱ्यालाही सवलत आहे. त्याला प्रेमाने समजवा. रोज दोनदा जेवणानंतर घ्यायच्या सुजेच्या गोळ्या आणि स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करू नका.