स्प्रिंगची मापे काय सांगतात?

कळ दाबून वापरायचे एखादे बॉलपेन उघडा. आतून एक नाजूक स्प्रिंग निघेल. ती बोटांत दाबली की आखडते आणि सोडताच पूर्ववत होते. ही दाबाची स्प्रिंग. मोटारसायकलच्या मागच्या चाकाजवळ असते तीही याच जातीची. दुकानात नुसते ‘स्प्रिंग द्या’ म्हणून भागत नाही, मापे सांगावी लागतात. ती मापे आपण पेनातल्या स्प्रिंगवरूनच समजून घेऊ.

प्रथम लांबी. काहीही भार नसताना असते ती मोकळी लांबी. समजा, ती २५ मिलिमीटर आहे. वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबल्यावर उरते ती घट्ट लांबी. आपल्या स्प्रिंगची ती सुमारे ५ मिलिमीटर भरेल. या दोहोंतील फरक म्हणजे स्प्रिंगचा पल्ला, येथे २० मिलिमीटर. यंत्रात बसवताना स्प्रिंग बहुधा थोडी दाबूनच बसवतात. ती झाली बसवलेली लांबी.

आता व्यास. तारेची जाडी ०.४ मिलिमीटर आणि स्प्रिंगचा बाहेरचा व्यास ४.४ मिलिमीटर आहे असे धरू. बाहेरच्या व्यासातून तारेची जाडी एकदा वजा केली की सरासरी व्यास मिळतो, म्हणजे ४ मिलिमीटर. गणितात हाच वापरतात. स्प्रिंग नळीत बसवायची असेल तर बाहेरचा व्यास पाहावा, दांड्यावर बसवायची असेल तर आतला.

शेवटी वेढे मोजा. एकूण १२ भरले तरी दोन्ही टोकांचे वेढे शेजारच्या वेढ्याला टेकलेले असतात. ते आखडत नाहीत. म्हणून काम करणारे वेढे १०च.

या मापांवरून स्प्रिंगचा कडकपणा ठरतो. एक मिलिमीटर दाबण्यास लागणारे बल म्हणजे कडकपणा. बल दुप्पट केले की दबणेही दुप्पट होते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्पष्टपणे मांडला. स्प्रिंग दबते तेव्हा तिची तार प्रत्यक्षात पिळली जाते. म्हणून पिळाला धातू किती विरोध करतो तेही गणितात येते. पोलादासाठी हा गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०,००० न्यूटन असतो. याला तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने गुणा. मग ८, सरासरी व्यासाचा घन आणि काम करणारे वेढे यांच्या गुणाकाराने भागा. आपल्या स्प्रिंगसाठी २०४८ भागिले ५१२०, म्हणजे ०.४ न्यूटन प्रति मिलिमीटर एवढे उत्तर येते. सुमारे ४० ग्रॅम वजनाने ती १ मिलिमीटर दबेल.

चौथा घात ही गंमत ध्यानात ठेवा. बाकी सर्व तसेच ठेवून तार ०.४ऐवजी ०.५ मिलिमीटर घेतली, तर कडकपणा जवळजवळ अडीचपट होतो. डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही! म्हणूनच तारेची जाडी पट्टीने न मोजता स्क्रूगेजने मोजतात.

आता एक व्यवहारातले उदाहरण. बेसा-मानेवाडा रस्त्यावर मागे दोन पोती लादून जाणाऱ्या मोटारसायकली तुम्ही पाहिल्या असतील. मागची स्प्रिंग फार दबते म्हणून तिच्याखाली जाड चकती घालण्याची युक्ती काही जण करतात. त्याने स्प्रिंग कडक होते का? समजा, मोकळी लांबी २३०, बसवलेली २२० आणि घट्ट लांबी १४० मिलिमीटर आहे. कडकपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे आणि धक्क्याने ती आणखी जास्तीत जास्त ७० मिलिमीटर दबू शकते. तेव्हा ती १५० मिलिमीटरवर थांबेल. घट्ट होण्यास अजून १० मिलिमीटर शिल्लक आहेत. आता १५ मिलिमीटरची चकती घातली. सुरुवातीचा दाब २०० वरून ५०० न्यूटन झाला, म्हणून गाडी उंच व ताठ वाटते. परंतु पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला २० न्यूटनच लागतात. कडकपणा बदललाच नाही. उलट मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग १३५ मिलिमीटरपर्यंत दबू पाहील. ते शक्य नाही, कारण १४०वरच वेढे एकमेकांवर आपटतील. त्या क्षणी स्प्रिंग ही स्प्रिंग न राहता लोखंडी नळकांडे बनते. सारा धक्का गाडीच्या सांगाड्याला आणि मागे बसलेल्याच्या पाठीच्या कण्याला बसतो. जास्त भारासाठी कडक स्प्रिंगच हवी, चकती नव्हे.

अजनी स्थानकावर कोळशाची मालगाडी उभी दिसली तर फलाटावरूनच वाघिणीच्या चाकांमधल्या स्प्रिंगांकडे पाहा. रिकाम्या वाघिणीच्या वेढ्यांत अंतर अधिक दिसते, भरलेल्या वाघिणीच्या कमी. मोठ्या स्प्रिंगच्या पोटात दुसरी लहान स्प्रिंगही असते. दोघी एकत्र दबतात तेव्हा त्यांच्या कडकपणाची बेरीज होते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. पेनातली स्प्रिंग मधोमध कापली, तर प्रत्येक तुकडा मूळ स्प्रिंगपेक्षा मऊ होईल की कडक? काम करणारे वेढे मोजा, वरचे गणित करा आणि मग वजन ठेवून उत्तर पडताळून पाहा.