नर्सिंग की मॅनेजमेंट? बारावीनंतरच्या निवडीतले गैरसमज

सायन्स घेऊन बारावी झालेल्या मुलीने नर्सिंगला जावं की बीएमएसला, हा प्रश्न कल्याणच्या पुढच्या घरांत दर उन्हाळ्यात निघतो. उल्हासनगरला चांदीबाई आणि तलरेजा कॉलेजमधून दोन पिढ्या कॉमर्स करून बाहेर पडल्या, त्यामुळे 'मॅनेजमेंट' म्हटलं की घरच्यांना ते ओळखीचं वाटतं. नर्सिंगबद्दलची माहिती मात्र शेजारणीच्या भाचीने सांगितलेली किंवा स्टेशनबाहेरच्या फलकावर वाचलेली असते. तेवढ्या भांडवलावर चार वर्षं आणि काही लाख रुपये पणाला लागतात. त्यातले काही समज फार महागात पडतात.

"एका वर्षाचा कोर्स केला की नर्स होता येतं"

सगळ्यात घातक समज हा आहे. सहा महिने किंवा एक वर्षाचा 'नर्सिंग कोर्स', पांढरा युनिफॉर्म, शंभर टक्के नोकरीची हमी अशा जाहिराती अंबरनाथ-बदलापूरच्या गल्ल्यांमध्ये सहज दिसतात. हे कोर्स करून रुग्णसेवकाचं, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंटचं काम मिळू शकतं आणि त्या कामात कमीपणा काही नाही. पण तो कोर्स केलेली व्यक्ती कायद्याने नर्स ठरत नाही. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं तर १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते, आणि ती नोंदणी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय होत नाही.

मान्यताप्राप्त वाटा मुख्यतः तीन. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा. आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची पदवी, जी महाराष्ट्रात बहुतेक कॉलेजांत नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. पदवीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत, खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण हवेत, आणि राज्याच्या सीईटी कक्षाची नर्सिंगची वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. 'नीट दिली नाही म्हणजे नर्सिंग गेलं' असं समजून काही मुली घरी बसतात. राज्याच्या कॉलेजांसाठी ही सीईटी चालते. नीटचे गुण लागतात ते लष्कराच्या नर्सिंग कॉलेजांसारख्या काही ठिकाणी. त्यातलं एक आपल्या जवळ, मुंबईत आयएनएचएस अश्विनीमध्ये आहे.

कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलं असेल तर? जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजीसह ४० टक्के गुण हवेत. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही मिळवता येते. म्हणजे ज्या मुलीला 'तुझं कॉमर्स आहे, आता तुला हे जमायचं नाही' असं सांगून गप्प केलं जातं, तिच्यासाठीही रस्ता आहे, वर्षं थोडी जास्त लागतात इतकंच.

"नर्सला पगार असतो तरी किती?"

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादं वीस खाटांचं खासगी नर्सिंग होम असतं. तिथला पगार खरोखरच तुटपुंजा असतो आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण सगळा व्यवसाय तेवढाच नाही. राज्य सरकारच्या रुग्णालयांत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. केंद्रात, एम्समध्ये किंवा रेल्वेत, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगारच ४४,९०० रुपयांपासून सुरू होतो आणि भत्ते त्यावर वेगळे. कल्याणला रेल्वेचं रुग्णालय आहे, उल्हासनगरला सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे, तिथे काम करणाऱ्या एखाद्या सिस्टरला विचारलं तरी खरं चित्र कळेल.

खासगी क्षेत्राबद्दलही एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने नर्सच्या पगाराचे आकडे ठरवून दिले. २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात पगार राज्य सरकारच्या नर्सइतका असावा. १०० ते २०० खाटांच्या ठिकाणी तो सरकारी पगारापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी नसावा, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावा. आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० रुपयांच्या खाली कुणाला ठेवू नये. या शिफारशी आहेत, त्या राबवणं राज्यांवर सोडलेलं आहे, आणि लहान रुग्णालयांत त्या सर्रास मोडल्या जातात. माझ्या मते हा आपल्या आरोग्यव्यवस्थेवरचा मोठा डाग आहे. तरीही पहिल्या मुलाखतीला जाताना हे आकडे माहीत असलेली मुलगी वेगळ्या आवाजात बोलते.

मागणीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख नर्स आहेत आणि तरी ५८ लाख कमी पडतात. परदेशी जाण्याची दारं त्यामुळे उघडी आहेत, पण ती आपोआप उघडत नाहीत. अमेरिकेसाठी एनक्लेक्स परीक्षा, ब्रिटनसाठी इंग्रजीची आणि व्यवसायाची परीक्षा, जर्मनीसाठी जर्मन भाषा. 'आम्ही थेट पाठवतो' म्हणणाऱ्या एजंटला पैसे देण्याआधी यातली कोणती परीक्षा कधी द्यायची, एवढं तरी विचारावं.

"बीएमएस केलं की मॅनेजर"

मुंबई विद्यापीठाने १९९९ च्या सुमारास बीएमएस सुरू केलं आणि ते झपाट्याने पसरलं. पदवीच्या नावात मॅनेजमेंट आहे म्हणून पहिली नोकरी मॅनेजरची मिळते, असं होत नाही. सुरुवात बहुधा सेल्समध्ये, बँकेच्या किंवा विम्याच्या बॅक ऑफिसमध्ये, कॉल सेंटरमध्ये किंवा कर्ज विकण्याच्या कामात होते. वर चढायचं तर पुढे एमबीए, किंवा एखादं खास कौशल्य, मग ते अकाउंटिंग असो, डेटा असो की सप्लाय चेन. नर्सिंगची पदवी ठरावीक कामाचा परवाना हातात देते. मॅनेजमेंटची पदवी असा कुठलाच परवाना देत नाही, ती जिथे नेईल तिथे आपल्या पायांनी चालत जावं लागतं. ज्याच्या अंगात बोलण्याची, विकण्याची, जोखीम घेण्याची हौस आहे त्याला हे मोकळं रान फार मानवतं. घरचं दुकान उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये असेल, तर त्या मुलाला या शिक्षणाचा उपयोग पहिल्या दिवसापासून आहे. घरी धंदा नाही, पुढे एमबीएला पैसे नाहीत आणि 'काहीतरी पदवी हवी' म्हणून बीएमएस घेतलं, तर तिसऱ्या वर्षानंतर फार रिकामं वाटतं. हे मी अनेक घरांत पाहिलेलं आहे.

"बीएमएसला प्रवेश काय, बारावीच्या टक्क्यांवर मिळतो"

पूर्वी मिळायचा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. ती देण्याची तारीख चुकली म्हणून कित्येकांची पंचाईत झाली. काही कॉलेजांनी यातून वाट काढत अभ्यासक्रमाचं नावच बदलून 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' केलं, आणि तिथे सीईटी लागत नाही.

हा फरक फक्त परीक्षेचा नाही, पैशांचाही आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट एकच महत्त्वाची: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही, अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आधीपासून आहेच. 'नर्सिंग आपल्याला परवडायचं नाही' असं म्हणणाऱ्या बदलापूरच्या अनेक घरांत मुलगी या सवलतीला पात्र असते आणि कुणी फॉर्मच भरलेला नसतो. त्याचं मला सर्वाधिक वाईट वाटतं.

"मुलांचं ते काम नाही"

बी.एस्सी. आणि जीएनएम दोन्हीला मुलांना प्रवेश आहे. वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत २० टक्के जागा पुरुषांसाठी ठेवलेल्या आहेत. लष्कराची नर्सिंग सेवा मात्र फक्त महिलांसाठी आहे.

"एकदा नर्स झालं की जन्मभर वॉर्ड"

उलट, दोन पदव्यांतला सगळ्यात महत्त्वाचा फरक इथे आहे आणि तो नर्सिंगच्या बाजूने झुकतो. बी.एस्सी. नर्सिंग ही पूर्ण पदवी आहे. ती घेऊन एमपीएससी देता येते, एमबीए करता येतं, टिस्ससारख्या संस्थेत हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकता येतं, एम.एस्सी. करून शिकवता येतं. रुग्णालयाच्या व्यवस्थापनात वॉर्ड आतून पाहिलेल्या माणसाचं वजन वेगळं असतं. बीएमएस झालेल्याला मात्र नर्स व्हायचं तर बारावीपाशी परत यावं लागतं. म्हणून दोन्ही आवडत असतील, मन खरोखर द्विधा असेल आणि बारावीला बायोलॉजी असेल, तर आधी नर्सिंग हे माझं स्पष्ट मत आहे.

पण रक्त पाहून चक्कर येते, रात्रपाळीची कल्पनाही नकोशी वाटते, अशा मुलीला केवळ नोकरीच्या भरवशावर नर्सिंगमध्ये ढकलू नये. हे शरीर आणि मन दोन्ही थकवणारं काम आहे. तीन पाळ्या असतात, सणावारी सुट्टीची खात्री नसते, आणि बदलापूरहून मुंबईच्या रुग्णालयात ड्यूटी असली तर लोकलचा प्रवास त्यात मिळवावा लागतो. 'डॉक्टर सांगेल ते करायचं, एवढंच' हाही भ्रम आहे. चार वर्षांत शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मानसिक आरोग्य, प्रसूतिशास्त्र सगळं येतं, कारण पेशंटची तब्येत बिघडायला लागली की ते पहिल्यांदा लक्षात यायला हवं ते त्याच्याजवळ उभ्या असलेल्या नर्सच्या.

"अंबरनाथला मेडिकल कॉलेज आलं, आता नर्सिंगही इथेच"

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात अंबरनाथचं एक आहे. त्याच्या १०० जागा एमबीबीएसच्या आहेत. त्यामुळे परिसरात रुग्णालयं आणि नोकऱ्या वाढतील, पण नर्सिंगचा प्रवेश हा वेगळा विषय आहे आणि त्याची यादी वेगळी असते.

ती यादी पाहणं हेच पालकांना माझं आग्रहाचं सांगणं. भारतीय नर्सिंग परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल या दोघांच्या संकेतस्थळांवर मान्यताप्राप्त संस्थांची नावं असतात, आणि सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर दोन्ही अभ्यासक्रमांच्या परीक्षांच्या तारखा. कॉलेजचं नाव या याद्यांत सापडेपर्यंत एक रुपयाही अ‍ॅडव्हान्स देऊ नका, आणि मुलीची मूळ गुणपत्रिका कुणाच्याही हाती सोपवू नका.