बालगृह म्हणजे तुरुंग नव्हे

मलकापूर : ऊस हंगाम लागला, की बीडकडच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात फडावर उतरतात. कोयत्यामागं पोरंही येतात. त्यातलं एखादं एस. टी. स्टँडवर चुकलेलं सापडतं, पोलीस ताब्यात घेतात. आणि पोराला वाटतं, आपण गुन्हाच केला. त्याला समजावणार कोण?

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानं अशा मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. तिथं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. वकील लागलाच तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. पण हे त्याला कळेल अशा बोलीत सांगितलं तर! तांड्यावरच्या बंजारा पोराला 'समिती' या शब्दाचाच धाक. "बाळा, ही शिक्षा नव्हे, आई-बा सापडेस्तोवर इथं राहायचं," एवढं तरी त्याच्या कानावर जावं.

खरी अडचण पुढंच आहे. टोळी एका फडावर थांबत नाही. चौकशी होईतो मायबाप दुसऱ्या तालुक्यात गेलेले. म्हणून टोळी उतरली, की सरपंच, पोलीस पाटलांनी मुकादमाचं नाव, मूळ गाव आणि पोरांची नावं वहीत टिपून ठेवावीत. पोर सापडलं तर १०९८ वर कळवावं आणि ही वही समितीला दाखवावी.