शिवोलीच्या घरातला अल्बम

'हम्मा हम्मा' आणि 'प्यार तो होना ही था' या गाण्यांनी रेमो फर्नांडिसचा आवाज महाराष्ट्रात घरोघरी पोचवला. पण हा गायक उभा राहिला तो त्याच्या दहाएक वर्षं आधी, 1984 सालच्या 'गोअन क्रेझी' या अल्बमवर. मुंबईत आर्किटेक्चर शिकून आलेल्या रेमोनं तो गोव्यातल्या शिवोलीच्या राहत्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला. शब्द, चाली, वाद्यं, आवाज, कव्हर, सगळं त्याचंच. आणि तयार कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर घालून गोव्यातल्या दुकानांत पोचवणाराही तोच. याला एका कलंदराची हौस म्हणून सोडून देता येईल. मला मात्र वाटतं, आपल्याकडच्या स्वतंत्र रॉकची वाट या गाण्यांच्या बाजापेक्षा ती ज्या रीतीनं तयार झाली आणि विकली गेली, त्या रीतीनं मोकळी केली.

ती रीत जरा जवळून पाहू. साध्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्टे असतात, दोन एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या. घरगुती चार-ट्रॅक यंत्र हे चारही पट्टे एकाच दिशेनं वापरतं, त्यामुळे कॅसेटला दुसरी बाजू उरतच नाही. एका पट्ट्यावर ताल, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर बासरी घ्यायची. मग तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुढचं वाजवायचं. दर उतरवणीला फितीची खरखर वाढते, शिवाय एकदा मिसळलेली गिटार पुन्हा वेगळी काढता येत नाही. म्हणजे यंत्र स्वस्त, पण गाण्याची मांडणी आधीच डोक्यात पक्की हवी. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' (1982) अशाच यंत्रावर झाला. आणि खर्चाचं म्हणाल, तर निर्वाणा या बँडच्या 'ब्लीच' (1989) या पहिल्या अल्बमचा ध्वनिमुद्रण खर्च 606 डॉलर 17 सेंट होता. याच बँडच्या 'नेव्हरमाइंड'नं जानेवारी 1992 मध्ये मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकी यादीच्या अव्वल जागेवरून हटवलं, तेव्हा जगाला ती अचानक मारलेली मुसंडी वाटली. छोट्या कंपनीकडून, तुटपुंज्या पैशांत काढलेल्या पहिल्या अल्बमची आठवण किती जणांना होती?

यावर कुणी म्हणेल, रेमोला घर होतं, शिक्षण होतं. ही चैन सगळ्यांना कुठली? आक्षेप खरा आहे. पण स्वतः करणं म्हणजे निराधार असणं नव्हे, हे कोल्हापूरकरांना तरी सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा कोल्हापुरातच घडवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला, पण त्यांच्या चित्रपट कंपनीमागे तानीबाई कागलकर या गायिकेचा पैसा होता. दुसरा आक्षेप भाषेचा: इंग्रजीत गाणारा आपला कसा? तर 'गोअन क्रेझी'च्या पुढच्याच वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड'मध्ये रेमोनं बहीण बेलिंडाबरोबर जुनी कोंकणी गाणी गायली. आणि 'बॉम्बे सिटी' या नावाचा अल्बम करणाऱ्याला परका म्हणणं जरा जास्तच झालं. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शेवटी तोही सीबीएससारख्या ध्वनिमुद्रण कंपनीकडे आणि हिंदी सिनेमाकडे गेलाच ना? गेला, पण दोन अल्बम खिशात घालून गेला. कोरी पाटी घेऊन दारात उभं राहणारा आणि आपली गाणी आधीच विकून आलेला, या दोघांना कंपनीच्या कचेरीत सारखी वागणूक मिळत नसते.

आता कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीतही लॅपटॉपवर चारच काय, शंभर ट्रॅक मिळतात, मग या जुन्या खटाटोपाचं अप्रूप कशाला, असंही विचारता येईल. ध्वनिमुद्रणापुरतं ते बरोबर आहे. पण रेमोचं निम्मं काम त्या स्कूटरवर झालं होतं. कुठल्या गावात कोणतं दुकान, कोण किती कॅसेटी ठेवून घेतो, हे त्याला स्वतःला ठाऊक असायचं. आज गाणं काही मिनिटांत जगभर चढवता येतं, पण ते कुणापुढे ठेवायचं हे अ‍ॅपवाली कंपनी ठरवते; ऐकणाऱ्याचं नाव वाजवणाऱ्याला कळतही नाही.