ब्रेक ‘अचानक’ फेल होत नाहीत

पुण्यात कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत महामार्ग उतरत जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका ट्रकने अनेक गाड्या ठोकल्या, तेव्हाही आधी चर्चा झाली ती ‘ब्रेक फेल’ची. इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडल्याचा मुद्दा प्राथमिक तपासात नंतर पुढे आला.

गैरसमज : उतारावर गाडी न्यूट्रल केली की इंधन वाचते.
वस्तुस्थिती : आजच्या बहुतेक गाड्यांत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होते, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. शिवाय इंजिनाचा अटकाव जाऊन सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केले, तर ट्रकच्या एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि कारचे पेडल दोन-तीनदा दाबताच कडक होते.

गैरसमज : डबीत ब्रेक ऑइल भरलेले आहे, म्हणजे चिंता नाही.
वस्तुस्थिती : हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे ‘डॉट ४’ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. ताम्हिणी घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, की तापलेल्या कॅलिपरपाशी वाफ होते. ऑइल दबत नाही, वाफ दबते. म्हणून पेडल थेट तळाला जाते. बहुतेक कारना दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे योग्य. नेमकी मुदत गाडीच्या पुस्तिकेत असते.

गैरसमज : लेव्हल उतरली की टॉप-अप करायचे.
वस्तुस्थिती : पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि लेव्हल आपोआप उतरते. म्हणून आधी पॅड पाहा. चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसला, तर व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर गळतोय. टॉप-अपला इंजिन ऑइल तर थेंबभरही नको. त्याने रबरी सील फुगतात.

गैरसमज : दोन-चारदा पंप केल्यावर ब्रेक लागतो, म्हणजे ठीक आहे.
वस्तुस्थिती : लाइनमध्ये हवा असावी. ती काढायला एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकापाशी असलेला, नळी लावलेला ब्लीड निपल सैल करायचा. नळीतून बुडबुडे येतात. निपल आवळल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर हवा पुन्हा आत जाते. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर तपासून घ्या.

घाटात पेडल मऊ लागले तर खालचा गिअर टाका, सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक आपसूक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. ती वाकते किंवा तडकते.