विसरलेली तांबी आणि ओटीपोटाचे दुखणे

पाळी जाऊन पंधरा-वीस वर्षे लोटल्यावर ओटीपोटात दुखू लागले, तर घरातील ज्येष्ठ स्त्री ते क्वचितच बोलून दाखवते. अंगावरून पांढरे वा लालसर जाणे लेकीलाही सांगायचे नाही, अशीच त्या पिढीची रीत. गर्भाशय व बीजवाहिन्यांचा दाह हा प्रामुख्याने तरुण वयातील आजार. म्हणूनच तो उतारवयात आढळला, तर त्यामागे दुसरे काही दडलेले नाही ना, हे पाहावेच लागते.

भारतात १९६५ मध्ये कुटुंबनियोजनासाठी लूप आला, पुढे तांबी आली. तांबीची मुदत ठरलेली असते आणि पाळी गेल्यावर ती काढून घ्यावयाची असते. पण बसवणारे डॉक्टर निवृत्त होतात, गाव बदलते, तांबी विस्मरणात जाते. अशा तांबीच्या आश्रयाने ॲक्टिनोमायसिस नावाचा जिवाणू वाढू शकतो. एरवी तो तोंडात व आतड्यात निरुपद्रवीपणे राहतो. त्याची चाल मंद, पण अवयवांच्या सीमा तो जुमानत नाही. गर्भाशयापासून बीजकोश, आतडे, मूत्रवाहिनी असा पसरत जातो. वजन घटते, पोटात गाठ लागते आणि ती कर्करोगाचीच वाटते. निदान वेळेवर झाले, तर पेनिसिलिन गटातील औषधांच्या दीर्घ, बहुधा कित्येक महिन्यांच्या उपचाराने हा आजार बरा होतो. मोठी शस्त्रक्रिया पुष्कळदा टळते. तेव्हा तांबी बसवली होती का, काढली का, हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. आठवत नसेल, तर सोनोग्राफीत वा क्ष-किरण चित्रात ती दिसू शकते.

गर्भाशयाचे मुख आक्रसून आत पू साठणे किंवा बीजकोशाजवळ गळू होणे, हे याहून तातडीचे. गळू फुटले तर काही तासांत जिवावर बेतते. या वयात अशा विकारांमागे कधी कर्करोगही असतो. म्हणून पू काढल्यावर पुढील तपासण्या टाळू नयेत.

वृद्धांना अशा वेळी ताप येईलच असे नाही. अचानक असंबद्ध बोलणे, गुंगी, धाप, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसल्यास मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. ‘वयामुळे होते’ हे वाक्य अशा वेळी फार घातक ठरते. कपाटातील उरलेली प्रतिजैविकाची गोळी तर मुळीच देऊ नये; तिने संसर्ग आटोक्यात येत नाही, उलट रक्तातील जंतूंची तपासणी फसू शकते. निघताना चालू औषधांची यादी आणि मधुमेह असल्यास त्याचे कागद सोबत घ्यावेत.